वडूजच्या मोर्चातला झेंडा

वडूजच्या बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, बारावीनंतर मी गल्ल्यावर बसलो तो आजपर्यंत. जुलै संपत आला की खोकी येतात. कागदी झेंडे, छातीला लावायचे बिल्ले, टेबलावर ठेवायचे छोटे झेंडे आणि शाळा-सोसायट्यांसाठी कापडी झेंडे. पंधरा ऑगस्टच्या आधीचे आठ दिवस वह्यांपेक्षा झेंड्यांचा गल्ला मोठा असतो, हे आधीच कबूल करतो. कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात चुका करणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझंच आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी, ज्यांच्या हातचा मार मी खाल्लेला आहे, चौदा ऑगस्टला दुपारी दुकानात आले आणि आदल्या दिवशी नेलेला कापडी झेंडा त्यांनी काउंटरवर पसरला. "फूटपट्टी काढ," म्हणाले. मी काढली. लांबी छत्तीस इंच भरली, रुंदी वीस. "आता चक्राच्या आऱ्या मोज." मोजल्या. वीस होत्या. चक्रही गोल नव्हतं, कोंबडीच्या अंड्यासारखं उभट होतं. गुरुजी रागावले नाहीत. "किती वर्षं विकतोयस?" एवढंच विचारलं. मी मनात हिशेब केला आणि उत्तर दिलं नाही.

त्या रात्री मी ध्वजसंहिता मिळवली आणि वाचायला घेतली. माझं सगळं वाचन असंच झालेलं आहे. कुणी तरी तोंडघशी पाडतं, मग मी पुस्तक शोधतो.

सध्याची ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून अमलात आली. तिच्यात झेंड्याची लांबी आणि रुंदी यांचं प्रमाण तीनास दोन सांगितलं आहे. म्हणजे छत्तीस इंच लांबीला रुंदी चोवीस हवी. प्रमाणित मापं नऊ आहेत. सगळ्यात मोठं ६३०० गुणिले ४२०० मिलिमीटर, टेबलावरचं सगळ्यात लहान १५० गुणिले १००. चक्राला आऱ्या चोवीस, रंग गडद निळा. आपल्या देशात वस्तूंची मानकं ठरवणारी संस्था स्थापन झाली तेव्हा तिनं काढलेलं पहिलंच मानक, आय. एस. १, हे राष्ट्रध्वजाचं आहे. लोखंड, सिमेंट, काडेपेटी हे सगळं नंतर. त्या मानकात कापडाचे धागे, रंगाच्या छटा, शिलाई इथपर्यंत सगळं बांधून दिलेलं आहे. धारवाडजवळच्या गरगचं खादी कापड, हुबळीतल्या बेंगेरीचा ध्वजनिर्मितीचा कारखाना आणि आपल्याकडे नांदेडची खादी ग्रामोद्योग समिती ही या कामातली माहितीची नावं. माझी खोकी यातल्या कुठूनच येत नव्हती. ती घाऊक व्यापाऱ्याकडून येत होती, आणि फटाके, राख्या, पतंग यांच्या यादीतच झेंड्यांचा भाव छापलेला असे.

संहिता वाचून झाल्यावर माझं डोकं बिघडलं. दिसेल तिथं चुका दिसायला लागल्या. मोटारसायकलीच्या आरशाला झेंडा बांधून पोरं निघाली की मी दुकानातून ओरडायचो. वाहनावर झेंडा लावायचा अधिकार राष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्री, न्यायाधीश अशा मोजक्याच पदांना आहे. भाषणाच्या टेबलावर झेंडा पांघरलेला दिसला की मला खाली बसवत नसे. संहिता म्हणते की झेंडा व्यासपीठावर हवा असेल तर वक्त्याच्या उजव्या हाताला काठीवर लावा, नाहीतर त्याच्या मागं भिंतीवर, डोक्याच्या वर. टेबलक्लॉथ म्हणून नाही, आणि पुतळ्याच्या अनावरणाला पुतळ्यावर टाकायचं कापड म्हणूनही नाही.

भिंतीवर उभा लावताना तर दहापैकी सात जण चुकतात, आणि मीही चुकत होतो. आडवा असेल तर केशरी वर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. उभा लावला की केशरी कुठल्या हाताला? बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. झेंड्याला माणूस समजा आणि तो आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरा, म्हणजे केशरी त्याच्या उजव्या हाताला येतं. माझ्या दुकानाच्या दारावर तो कित्येक वर्षं उलटा होता.

आमच्याकडच्या काही चुका मात्र इथल्याच मातीतल्या आहेत. खटाव-माणात कुठलीही काठी उभी करायची म्हणजे तिची पूजा आली. सासनकाठीची सवय हाताला असते. त्यामुळे झेंड्याच्या खांबालाही हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो आणि झेंडूची माळ थेट खांबाच्या टोकापर्यंत चढते. संहितेत स्पष्ट आहे की ज्या खांबावर झेंडा फडकतो त्याच्यावर किंवा त्याच्या वर फूल, हार, चिन्ह काहीही ठेवायचं नाही. झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला मात्र मुभा आहे, तेवढी एक सवलत आपल्या हौसेला दिलेली आहे. एका वाडीत तर देवळाची भगवी पताका आणि तिरंगा एकाच काठीवर मी पाहिले. एका काठीवर दोन झेंडे चालत नाहीत, हे सांगायला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आवो, मग देवाला खाली उतरवू का देशाला?" मी म्हणालो, "आबा, दुसरी काठी आणू." ती मी आणून दिली. लोकांना नियम सांगताना काठीचे पैसे आपण द्यायची तयारी असली की काम सोपं होतं.

शाळांमध्ये आणखी एक वाद दरवर्षी होतो. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा आणि सव्वीस जानेवारीला आधीच वर बांधून ठेवलेला नुसता उलगडायचा, म्हणून पहिल्याला ध्वजारोहण म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, असं मोबाईलवर फिरत असतं. दिल्लीत लाल किल्ल्यावर आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तशी रीत दिसते हे खरं. पण संहितेत दोन तारखांना दोन पद्धती सांगितलेल्या नाहीत. तिथं एवढंच आहे की झेंडा झटकन चढवावा आणि सावकाश, मानानं उतरवावा. आमच्याकडे बरोबर उलटं होतं. चढवताना दोरी अडकते, गाठ सुटत नाही, सगळे वर बघत उभे राहतात. संध्याकाळी शिपाई एका झटक्यात ओढून खाली घेतो.

असं चार-पाच वर्षं चाललं. गावात माझं नाव 'झेंडेवाले' पडलं. मग एका शाळेतून बोलावणं आलं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि जे घडलं त्यात कुणाचा दोष नव्हता. शाळेच्या लांब भिंतीवर वडूजच्या १९४२ च्या मोर्चाचं चित्र काढायचं चाललं होतं. खालचा मजकूर तपासून द्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. मजकूर ठीक होता. चित्राकडे बघितलं आणि थांबलो. मोर्चाच्या पुढं असलेल्या परशुराम घार्ग्यांच्या हातातल्या झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर पेंटरनं सुंदर, गोल, निळं अशोकचक्र काढलं होतं. आऱ्या मोजल्या. चोवीस होत्या. संहितेप्रमाणे झेंडा अगदी बरोबर होता. तारखेप्रमाणे साफ चूक होता.

दूरच्या वाचकांसाठी थोडं मागं जातो. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले, आणि त्याच मैदानावर अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला. नंतरच्या आठवड्यांत आमच्या जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. तासगाव, इस्लामपूर हे सगळं साताऱ्यातच होतं. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. मोर्चांचा हेतू साधा होता. कचेरीवर तिरंगा लावायचा आणि इथलं सरकार आता आमचं आहे असं मामलेदाराला सांगायचं. २४ ऑगस्टला कराडला उंडाळ्याच्या बाळकृष्ण पाटलांच्या नेतृत्वाखाली मोर्चा झाला. ३ सप्टेंबरला तासगावला लोकांनी कचेरीवर झेंडा लावलाच, वर मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी घातली. माझा अंदाज असा की त्या टोपीनं सरकार बिथरलं. एका कचेरीवर झेंडा चढला, टोपी चढली, आता पुढच्या कचेरीवर चढू द्यायची नाही, असं ठरलं असावं. कारण पुढच्या दोन्ही मोर्चांवर गोळ्या चालल्या.

९ सप्टेंबरला वडूजला मोर्चा आला. जयराम स्वामींच्या वडगावहून आणि आसपासच्या गावांतून माणसं चालत आली. हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे गोळीबारात पडले, आणि एकूण नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे गोळीला बळी पडले. ठरावाला महिना होत होता, म्हणून ९ सप्टेंबर ही तारीख इतर ठिकाणीही पाळली गेली. वडूजला गोळ्या चालल्या त्याच दिवशी खानदेशात नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पडले. तिथंही हातात झेंडाच होता. नंदुरबारचं नाव महाराष्ट्रभर झालं, पाठ्यपुस्तकात गेलं. वडूजचं जिल्ह्याबाहेर फारसं गेलं नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता त्या झेंड्याविषयी. अशोकचक्र असलेला झेंडा घटना समितीनं स्वीकारला तो २२ जुलै १९४७ ला. वडूजच्या गोळीबारानंतर चार वर्षं दहा महिन्यांनी. त्याआधीच्या तिरंग्यावर पांढऱ्या पट्ट्यात चरखा होता. केशरी, पांढरा, हिरवा असा रंगांचा क्रम आणि मधे निळा चरखा हे काँग्रेसनं ऑगस्ट १९३१ मध्ये ठरवलं. तीनास दोन हे प्रमाणही तेव्हाचंच. त्याच्याही आधी, १९२१ पासून, वेगळाच झेंडा होता. वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा.

हे समजल्यावर मला आमच्या भागातली बरीच चित्रं पुन्हा बघावी लागली. शिराळा तालुक्यातल्या बिळाशीला १९३० च्या जंगल सत्याग्रहात लोकांनी सागाचं झाड तोडून त्याच्या खांबावर झेंडा लावला. तो उतरवायला पोलीस आले आणि पुढं गोळीबार झाला. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह तर सगळ्यांना माहीत आहे. देशभरातून सत्याग्रही आले ते झेंडा घेऊन रस्त्यानं चालायचा हक्क मागायला. या दोन्ही ठिकाणचा झेंडा १९३१ च्या आधीचा, पांढरा-हिरवा-लाल. म्हणजे नागपूरच्या आणि बिळाशीच्या हातात जो होता तो वडूजच्या हातात नव्हता, आणि वडूजच्या हातात होता तो आज आपल्या हातात नाही. तिन्ही चित्रांत आपण मात्र एकच काढतो, दुकानात मिळणारा. माझ्या दुकानात मिळणारा.

हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते समंजस गृहस्थ. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं खरं आहे. पण उद्या कुणी पालक येऊन म्हणाला, राष्ट्रध्वजावरचं अशोकचक्र काढून तिथं चरखा का काढला, तर? भिंत रस्त्याला लागून आहे." मी हसलो. पण घरी येऊन १९७१ चा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा काढून बसलो, तेव्हा हसू गेलं. त्या कायद्यात राष्ट्रध्वज म्हणजे नुसतं कापड नाही. त्याचं चित्र, रेखाटन, छायाचित्र, कुठलीही दिसणारी प्रतिमा त्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे भिंतीवरचं चित्रही कायद्याच्या नजरेत झेंडाच. मुख्याध्यापकांची भीती पोकळ नव्हती.

मी त्यांना माझं म्हणणं लिहून दिलं. चरख्याचा झेंडा हा त्या कायद्यातला राष्ट्रध्वजच नाही, तो १९४२ चा काँग्रेसचा झेंडा आहे. तो काढला तर राष्ट्रध्वजात फेरफार होत नाही. उलट अशोकचक्र काढलं तरी कायदा मोडत नाही, मोडते ती तारीख. खाली एक ओळ लिहावी की हा झेंडा त्या काळचा आहे. मुख्याध्यापकांनी कागद फाईलला लावला. पेंटरला निरोप गेला की चक्र पुसून ठेव, मग बघू. त्यानं पांढऱ्या रंगाचा हात मारला.

पेंटर माझ्यापेक्षा वयानं लहान, पण प्रश्न विचारण्यात हुशार. दुकानात आला आणि म्हणाला, "चरखा काढतो. पन तोंड कुनीकडं?" मला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, चक्राला तोंड नसतं, कुठूनही गोलच. चरख्याला एका बाजूला मोठं चाक, दुसऱ्या बाजूला चाती. चाक काठीकडं ठेवायचं का टोकाकडं? आणि झेंडा वाऱ्यानं फिरला की मागून बघणाऱ्याला उलटंच दिसणार.

मला त्याचं कौतुक वाटलं, कारण नेमका हाच मुद्दा नेहरूंनी २२ जुलै १९४७ ला घटना समितीत ठराव मांडताना सांगितला होता. झेंड्यावरचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं. चरख्याचं चाक काठीच्या बाजूला यायला हवं, आणि झेंडा पलीकडून पाहिला की सगळं उलटं होतं. म्हणून चरख्यातलं चाक तेवढं ठेवलं आणि त्याला सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचं रूप दिलं. आणखी मोठी कारणं होतीच, पण त्यातलं एक कारण असं अगदी पेंटरच्या धंद्यातलं होतं. गांधीजींना हा बदल रुचला नव्हता. चरखा नसलेल्या झेंड्याला आपण वंदन करणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते.

चरखा चित्रातून गेला तरी कापडात राहिला. राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच असायचा, हा नियम पुढं सत्तर-पंचाहत्तर वर्षं टिकला. ३० डिसेंबर २०२१ ला संहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर विणलेलं कापड, पॉलिस्टरसुद्धा, चालू लागलं. पुढच्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' आलं. त्या वर्षी मी विकले तेवढे झेंडे आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून विकले नसतील. दुकानदार म्हणून त्या दुरुस्तीचे आभार मानतो. खादीचा झेंडा घ्यायची ऐपत आमच्या वाड्यावस्त्यांवर सगळ्यांची नाही, हेही मी गल्ल्यावरून रोज बघतो. पण येरळेच्या पात्रात काटेरी झुडपांत अडकलेला पॉलिस्टरचा झेंडा पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो. खादीचा विरून तरी जातो. कागदी झेंडे वापरून झाल्यावर रस्त्यात टाकायचे नाहीत, आणि खराब झालेला झेंडा एकांतात, मानानं, शक्यतो जाळून नष्ट करायचा, असं संहिता सांगते. म्हणून सोळा ऑगस्टला सकाळी मी दुकानाबाहेर एक खोकं ठेवतो. त्यात पडलेले झेंडे संध्याकाळी मागच्या परसात एकट्यानंच जाळतो. पहिल्या वर्षी पॉलिस्टर जळताना जो काळा धूर आणि वास सुटला त्यानं शेजारी धावत आले. नियम खादीच्या काळात लिहिलेला आहे, हे तेव्हा नाकाला कळलं.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. स्वातंत्र्यानंतर तरी आमच्या वडगावच्या, वडूजच्या माणसाला आपल्या घरावर रोज झेंडा लावता येत होता का? नव्हता. २००२ च्या आधीची जी संहिता होती तिच्याप्रमाणे सामान्य नागरिकाला काही ठरावीक दिवस मोकळे होते. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, गांधी जयंती, एप्रिलमधला राष्ट्रीय सप्ताह, असे. एरवी झेंडा सरकारी इमारतींचा. म्हणजे १९४२ ला ज्या कचेरीवर झेंडा लावायला गेले म्हणून माणसं मारली गेली, तिथं १९४७ नंतर तो रोज फडकत राहिला, आणि त्या माणसांच्या घरांवर मात्र रोज लावायला परवानगी नव्हती. हे मला अनेक दिवस पटेना. मी दोनदा वाचून खात्री केली.

हा प्रश्न कोर्टात नेला तो कुणा हुतात्म्याच्या वारसानं नाही, एका उद्योगपतीनं. नवीन जिंदल यांनी रायगडच्या आपल्या कारखान्यात (हे रायगड छत्तीसगडातलं, आपलं नव्हे) झेंडा रोज लावायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. १९९५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, केंद्र सरकार अपिलात गेलं, आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मानानं झेंडा फडकवणं हा नागरिकाचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क आहे, अर्थात कायद्याच्या मर्यादेत. मधल्या काळात २००२ ची संहिता आलेली होतीच. तरी सूर्योदय ते सूर्यास्त ही अट राहिली. ती घरावरच्या झेंड्यापुरती जुलै २०२२ मध्ये गेली. आता उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा रात्रंदिवस ठेवता येतो. तरीही दरवर्षी संध्याकाळी सहाच्या सुमाराला मला फोन येतात, "झेंडेवाले, उतरवायचा का?" मी सांगतो, नाही उतरवला तरी चालेल, पण फाटलेला, विटलेला ठेवू नका. बहुतेक जण उतरवतातच. सवय.

या निकालानंतर मी मोटारसायकलवाल्या पोरांवर ओरडणं कमी केलं. नियम तोच आहे, त्यांना तो अजून सांगतोही, पण आवाज खाली आला. परशुराम घार्ग्यांच्या मोर्चातला झेंडा कुठल्या संहितेत बसला असता? काठी धड सरळ असेल, नसेल. गर्दीत तो वाकला असेल, गोळीबारात जमिनीला लागला असेल. 'झेंडा जमिनीला लागू देऊ नये' हे वाक्य संहितेत वाचताना मला दरवेळी कचेरीसमोरची जमीन दिसते.

९ सप्टेंबरच्या कार्यक्रमातही एक चूक होत असे, ती इथंच नोंदवतो. एका संस्थेत त्या दिवशी दुखवटा म्हणून झेंडा अर्ध्यावर लावत. अर्ध्यावर झेंडा उतरवायचा तो ठरावीक पदांवरच्या व्यक्तींच्या निधनानंतर, सरकारचा आदेश आल्यावर. तेव्हाही आधी तो टोकापर्यंत चढवायचा आणि मग खाली आणायचा. हुतात्मा दिनाला झेंडा पूर्णच हवा. हे मी सांगितलं तेव्हा संस्थेतल्या एका बाईंनी विचारलं, "मग दुःख कसं दाखवायचं?" मला उत्तर आलं नाही. त्यांनी पुढच्या वर्षी झेंडा पूर्ण चढवला आणि नऊ पणत्या लावल्या.

भिंतीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी पेंटरला चरख्याची दोन रेखाटनं दिली, एक समोरून, एक मागून, चाक काठीकडं धरून. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "शेट, येक विचारू? त्या वक्ताला गावात झेंडा शिवला आसंल तर बाईच्या लुगड्याचा नायतर रंगवलेल्या मांजरपाटाचा आसंल. रातीत शिवला आसंल. त्यावर चरखा कुनी काढत बसलं आसंल का?"

मी त्याला १९३१ चा ठराव सांगितला. त्यानं मान हलवली आणि रेखाटनं घडी करून खिशात ठेवली.

यंदाच्या ९ सप्टेंबरला मी मुद्दाम त्या भिंतीवरून गेलो. घार्ग्यांच्या हातातल्या झेंड्याचा मधला पट्टा अजून पांढराच होता. जुन्या निळ्या चक्राची कड रंगाखालून थोडी दिसत होती. मुख्याध्यापक दारातच भेटले. म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर बसू एकदा." पेंटरचे अर्धे पैसे अजून द्यायचे आहेत.